नोंदणीच्या दिवसांतले रंगा मिस्त्री

रंगा मिस्त्रींबद्दल लिहायला बसलो की पहिल्यांदा त्यांचाच प्रश्न कानात येतो. "हे तुला कुणी लिवाय लावलं?" म्हणून आधीच सांगतो, कुणी लावलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. चार लोकांत बोलताना मी अजूनही अडखळतो, लिहिताना थोडं कमी. एवढंच कारण आहे.

मिस्त्री शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्न बनवायचे. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, ते काम. नमुन्यात सूतभर चूक राहिली तर त्यावर ओतलेला सगळा माल भंगारात जातो. त्यामुळेच असेल, त्यांना कुठलीही गोष्ट उलटी करून बघायची सवय लागली होती. हॉटेलात बशी आली की आधी तिचा तळ बघायचे. लग्नाची पत्रिका मागच्या बाजूनं वाचायला घ्यायचे. कुणी "बरं चाललंय" म्हणालं तर "का?" असं विचारायचे, आणि त्या माणसाला खरंच उत्तर सुचायचं नाही.

कामावरून सुटल्यावर मात्र ते चिंचबन तालमीच्या फुटबॉल संघाचे मालक असल्यासारखे वागायचे. मालक कुणीच नव्हतं. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा. कुस्तीसाठी बांधलेल्या तालमी, त्यांचेच फुटबॉलचे संघ, आणि संघासाठी जीव टाकणारी पेठ. दरवर्षी हंगामाच्या आधी खेळाडूंची नोंदणी व्हायची. ज्या तालमीच्या फॉर्मवर सही, त्या तालमीचा खेळाडू तो वर्षभर. दोन फॉर्मवर सही सापडली तर वर्षभर घरी. जुना हंगाम संपला की नव्या सहीपर्यंत खेळाडू मोकळा. मिस्त्रींच्या मते तेवढ्या दिवसांत माणसाचा खरा रंग दिसतो, आणि तो कधीच चांगला नसतो.

मी नेसरीजवळच्या एका वाडीतून बी.ए. करायला आलो आणि त्या पेठेत खोली घेतली. गावाकडं शाळेच्या मैदानावर खेळलेलो होतो. तालमीच्या पोरांनी सकाळच्या सरावात घेतलं. तिसऱ्या दिवशी सायकल धरून उभा असलेला एक उंच, वाळलेला माणूस माझ्याकडं आला.

"पावणं, गाव कुठलं?"

"नेसरी."

"म्हंजे गडहिंग्लजचं."

"तालुका गडहिंग्लज."

"त्येच म्हणतोय की मी." गडहिंग्लजलाही फुटबॉलचं वेड आहे, हे मला माहीत होतं, पण तो माझा गुन्हा होईल असं वाटलं नव्हतं. "तिकडं मैदान न्हाय व्हय? हितं कुणी धाडलं तुला?"

"कॉलेजला आलोय."

"आन् डावा पाय जन्माचा हाय, का हितं आल्यावर केलास?"

याचं उत्तर काय द्यावं हे मला कळेना. मिस्त्री मागं वळून पोरांना म्हणाले, "उत्तराला येळ लागला की समजायचं, त्यात पाणी घातलंय."

दोन आठवड्यांनी माझे वडील पहिल्या एसटीनं कोल्हापुरात हजर. खांद्यावर पिशवी, डोळे लाल. गावाकडं एक पोस्टकार्ड गेलं होतं. बाला, म्हणजे वडलांना, वाचता येत नाही. शाळेतल्या गुरुजींनी वाचून दाखवलं, तर त्यात एवढंच होतं: 'आपला मुलगा म्हणून जो सांगतो तो आपलाच आहे का, याचा खुलासा करावा.' खाली 'रंगराव, चिंचबन तालीम'. बाला वाटलं, मी कुठंतरी अडकलोय, पोलिसांनी धरलंय. आईनं, आमच्याकडं आम्ही अव्वा म्हणतो, रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता.

मी बाला घेऊन तालमीत गेलो. मिस्त्रींनी त्यांचे हात हातात घेऊन तळवे बघितले, धार काढून पडलेले घट्टे बघितले, म्हशी किती, दूध कुठल्या डेअरीला घालता, सगळं विचारलं. मग घरी नेऊन जेवू घातलं. बा हात धुवायला गेल्यावर मला म्हणाले, "बाप खरा हाय. पोरगं बगू."

मला फार राग आला होता. परतीच्या गाडीत बसताना बा मात्र खुशीत होते. म्हणाले, "माणूस चांगला हाय रं. एवढी चौकशी सोयरीक जमवताना बी कुणी करत न्हाय."

मिस्त्रींना असं व्हायला कारण होतं, असं तालमीचे सेक्रेटरी पाटील सर सांगायचे. पाटील सर निवृत्त मास्तर. भांडण सुरू झालं की चष्मा काढून खिशात ठेवायचे. मी यायच्या तीन-चार वर्षं आधी चिंचबनचा सेंटर फॉरवर्ड हंगामाच्या पहिल्या सामन्याला दगडी खांब तालमीचा शर्ट घालून मैदानात उतरला होता. दगडी खांब म्हणजे पलीकडची पेठ, चिंचबनची पिढीजात वैरी. त्या पोरानं आदल्या संध्याकाळी मिस्त्रींच्या घरी चहा घेतला होता. त्याचा चिंचबनचा शर्ट मिस्त्रींनी स्वतः इस्त्री करून ठेवला होता. सर म्हणाले, "तो शर्ट घेऊन मिस्त्री मैदानाच्या कडेला उभे होते. पोरगं समोरून पळत गेलं, तरी यांना वाटत होतं, आत्ता येऊन बदलेल."

त्यानंतर मिस्त्रींनी आपली पद्धत बसवली. फॉर्मवर फोटो लागतो. म्हणून सगळ्या खेळाडूंचे फोटो ते एकाच स्टुडिओत काढून आणायचे आणि फोटोंबरोबर निगेटिव्हही मागून घ्यायचे. स्टुडिओवाला कुरकुर करायचा. "निगेटिव्ह आमची असती मिस्त्री." "आन् पोरगं कुणाचं हाय?" असं विचारून ते पाकीट खिशात घालायचे. फोटो नाही तर दुसऱ्या तालमीला फॉर्म भरता येणार नाही, हा हिशोब. दुसऱ्या स्टुडिओत जाऊन नवा फोटो काढता येतो, असं मी एकदा भीत भीत सुचवलं. मिस्त्रींनी लगेच विचारलं, "तुला हे कुणी शिकीवलं?" त्यानंतर आठवडाभर ते पेठेतल्या दुसऱ्या दोन स्टुडिओंसमोर आळीपाळीनं चहा प्यायला बसत होते.

नवे बूट हा त्यांचा सगळ्यांत मोठा पुरावा. नोंदणीच्या आधी महिनाभर कुणी नवे बूट घातले, की ते सराव थांबवायचे. आमचा एक हाफ बॅक असा सापडला. "मेव्हण्यानं घेतले" म्हणाला. मेव्हणा कागलला. रविवारी मिस्त्री सायकलवरून कागलला गेले, मेव्हण्याला भेटले, दुकानाचं नाव विचारलं, आणि परत येऊन त्या पोराच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "खेळ. मेव्हणा बरा हाय. तुज्या भनीला जरा खोकला झालाय, बगून ये." त्या पोराला बहिणीचा खोकला माहीतच नव्हता. तो दुसऱ्याच दिवशी गेला.

म्हणजे नुसता संशय नव्हता. पण प्रेम असेल तर ते संशयाच्याच रस्त्यानं यायचं, दुसऱ्या दारानं कधी आलं नाही.

आता मिलिंदबद्दल सांगायला हवं. मिलिंद चिंचबनचा गोलकीपर. तालमीच्या मागच्या गल्लीत आई आणि दोन बहिणींसोबत राहायचा. शिरोलीत टेंपररी मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे भरणारा, होता. सहा महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा अर्ज. माझ्याच वयाचा, पण बोलण्यात माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. त्याला गोलात उभं राहायला मिस्त्रींनीच शिकवलं होतं. लाकडाच्या पट्ट्या जमिनीत रोवून, कुठून चेंडू आला तर किती पावलं पुढं यायचं, हे त्यांनी त्याला सूतभर मापानं दाखवलं होतं.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना दगडी खांबनं मिलिंदला निरोप धाडला. त्या तालमीचा आधार म्हणजे शिरोलीतला एक कारखानदार. आमच्याकडून खेळ, आमच्या कारखान्यात परमनंट करतो, असा शब्द. मिलिंदनं हे लपवलं नाही. स्वतः येऊन तालमीत सांगितलं.

"मग?" मिस्त्रींनी विचारलं.

"मग काय न्हाय. तुमाला सांगितलंय, हे एक वरीस चिंचबनकडनंच खेळणार. पुढच्या साली बगू."

"नोकरी सोडतोस व्हय? कशापायी?"

"तुमाला शब्द दिलाय म्हणून."

मिस्त्रींना हे पटलं नाही. नोकरी सोडणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. तालमीत रीत अशी होती की नोंदणीआधी सगळ्या खेळाडूंनी मारुतीसमोर नारळावर हात ठेवून 'तालीम सोडणार नाही' म्हणायचं. मिलिंदनं हात ठेवला नाही. "आमच्यात नारळावर हात ठेवत न्हाईत, मिस्त्री. दरसाली ठेवत न्हाई, तुमाला म्हाईत हाय. शब्द घ्या."

"दरसाली तुला दुसरी तालीम इचारत न्हवती," मिस्त्री म्हणाले. "शब्द काय, तोंडात असतोय."

"तुमचा नारळ तरी कुठं असतोय? प्रसाद वाटला की संपला."

पोरं हसली. पाटील सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मिस्त्री हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी मिलिंदच्या खांद्यावरची धूळ झटकली आणि निघून गेले. मिलिंद मला म्हणाला, "ह्यो आता काय तरी करणार बग."

नोंदणीला चार दिवस उरले तेव्हा मिस्त्रींनी आठ मुख्य खेळाडूंना देवदर्शनाला न्यायचं ठरवलं. हीसुद्धा एक रीतच होती. पोरांना गावाबाहेर ठेवायचं, म्हणजे दुसरी तालीम गाठू शकत नाही; आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या सह्यांचे फॉर्म गठ्ठ्यानं नेऊन असोसिएशनच्या ऑफिसात द्यायचे. घरी सांगायचं जोतिबाला चाललोय; जायचं नृसिंहवाडीला. मला ट्युटोरियलची परीक्षा होती, म्हणून मी राहिलो. मिस्त्रींनी माझ्याकडून फॉर्मवर सही घेतली आणि म्हणाले, "परीक्षा हाय का, ते कॉलेजात इचारलंय मी." निघताना मिलिंद माझ्या खोलीवरून गेला. "वाडीला चाललोय रं. आईला सांग, जोतिबा न्हाय, वाडी. म्हातारी उगंच डोंगराकडं बगत बसंल." मी त्याच्या आईला सांगितलं.

ते गेले आणि इकडं नियम बदलला. आधीच्या वर्षी दोन सह्यांवरून मारामारी झाली होती. त्यामुळे असोसिएशननं बोर्डावर कागद लावला: यंदा प्रत्येक खेळाडूनं स्वतः येऊन, अधिकाऱ्यासमोर सही करायची. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. पाटील सरांनी तो कागद शेवटच्या दिवशी सकाळी वाचला. ते धावत माझ्या खोलीवर आले. आठ जण कुठं आहेत हे पेठेत कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मी एसटी पकडली. जयसिंगपूरला गाडी बदलली, शिरोळच्या पुढं ती बंद पडली. शेवटचा रस्ता मी चालत, मग पळत गेलो. वाडीत पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. संगमाच्या घाटावर मिलिंद एकटाच पायऱ्यांवर बसला होता, बाकीचे देवळात. त्याच्या पायांत चपला नव्हत्या. "मिस्त्रींनी सगळ्यांच्या चपला पोत्यात भरल्यात," तो म्हणाला. "रात्री पोतं उशाला घेऊन झोपत्यात."

आम्ही धर्मशाळेत गेलो. मिस्त्री खरंच पोत्यावर बसले होते, मांडीवर फॉर्मची कापडी पिशवी. मला बघून ते उभे राहिले नाहीत. देवळातून परतलेली पोरं कवठाची बर्फी खात भिंतीला टेकली होती.

मी सगळं सांगितलं. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. धाप लागली होती, आणि मिस्त्री समोर असले की माझी वाक्यं तशीही अर्धी पडायची. नियम, बोर्ड, पाच वाजता, स्वतः. ते ऐकत राहिले.

"तुला कुणी धाडलं?"

"पाटील सरांनी."

"सरांची चिट्ठी?"

चिठ्ठी नव्हती. सरांना आणि मला दोघांनाही ते सुचलं नव्हतं.

"आन् आमी वाडीत हाय, ह्ये सरांना कुणी सांगितलं?"

"मी."

"आन् तुला?"

मी थांबलो. तेवढ्यात सगळी पोरं खायची थांबली. मिलिंदचं नाव घेतलं तर काय होईल हे मला दिसत होतं. खोटं बोलायला मला जमलं असतं का, हेही माहीत नाही.

"मीच सांगितलं," मिलिंद म्हणाला. "आईला कळावं म्हणून."

मिस्त्रींनी मान हलवली, एखादं माप बरोबर आल्यासारखी. "झालं तर मग. आता हितनं आठ जण रस्त्यावर काढायचे. जयसिंगपुरात दगडी खांबची जीप उभी असणार. कागद बी त्यांनीच लावला असंल."

"मिस्त्री, असोसिएशनच्या बोर्डावर कोण कशाला कागद लावंल?" एक जण म्हणाला.

"शर्ट बदलून मैदानात येणारं पोरगं बी मी बगितलंय."

शेवटी सगळ्यांनी गळ घातली म्हणून ते एसटीडी बूथवर आले. पोतं बरोबर. असोसिएशनचा फोन बराच वेळ लागेना. लागला तेव्हा पलीकडून कुणीतरी बोललं. मी बूथच्या काचेला चिकटून उभा होतो. मिस्त्रींनी विचारलं, "कोण बोलालंय?" मग, "आवाज वळखीचा न्हाय. नेहमीचे भाऊ कुठं गेल्यात?" मग, "जेवायला? आत्ता? अडीच वाजता?" आणि त्यांनी रिसीव्हर ठेवला. त्यांचा हात थरथरत होता. ते मी पाहिलं.

मिलिंद शांतपणे म्हणाला, "मिस्त्री, माझा फॉर्म द्या. मी एकटा जातो. चिंचबनचाच फॉर्म, तुमच्या सहीचा. तितं जाऊन सही करतो. जीप असली तर मला नेऊन काय करतील? सही तर माझ्या हातानं करायची हाय."

"न्हाय."

"का?"

"फॉर्म माझ्याजवळच ऱ्हाणार."

"फॉर्म न्हाय म्हंजे वर्ष गेलं माझं. ह्या घटकेला तुमचा बी न्हाय आन् कुणाचा बी न्हाय."

मिस्त्री पिशवी छातीशी धरून उभे राहिले. मिलिंद वळला आणि अनवाणी स्टँडकडं चालू लागला. मी त्याच्यामागं गेलो. मला वाटलं, बाकीचे सात जण येतील. कुणी आलं नाही. आठ वर्षं, दहा वर्षं ते मिस्त्रींच्या हाताखाली खेळले होते.

गाडीत मिलिंद एकच वाक्य बोलला. "तू येताना चिट्ठी आणली असतीस तर..." आणि मग, "असू दे. चिट्ठी बी त्यांनी उलटी करून बगितली असती."

आम्ही पोचलो तेव्हा पाचला पंधरा मिनिटं होती. ऑफिससमोर गर्दी. पाटील सरांकडं चिंचबनचा कोरा फॉर्म नव्हता. सगळे मिस्त्रींच्या पिशवीत. सर अधिकाऱ्यांना विनवत होते, नवा फॉर्म द्या म्हणत होते. अधिकारी म्हणाले, शिक्का मारलेले फॉर्म तालमीला आधीच दिलेत. दगडी खांबचा माणूस भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या हातात एक फॉर्म होता, मिलिंदच्या नावानं भरलेला, फोटो लावलेला. फोटो कुठून आणला होता मला माहीत नाही. जयसिंगपूरला जीपबिप काही नव्हती. ते नुसते वाट बघत होते.

मिलिंदनं माझ्याकडं बघितलं. पायांना चिखल होता. मी काहीतरी बोलायला हवं होतं. 'कर' किंवा 'नको'. मी बोललो नाही. पाच वाजायला चार मिनिटं असताना त्यानं सही केली.

चिंचबनचे सात जण त्या वर्षी बाहेर बसले. शाळकरी पोरांची नोंदणी वेगळी असायची, म्हणून तालमीनं ती पोरं उतरवली आणि संघ खालच्या गटात गेला. माझाही फॉर्म पिशवीतच राहिला होता. पण मी तसाही नावापुरताच खेळाडू होतो. पेठेत सगळं खापर मिलिंदवर फुटलं. त्याच्या आईच्या दारात कुणीतरी रात्री चिंचबनचा शर्ट जाळून टाकला. हे कळल्यावर मिस्त्री सकाळी तिथं गेले, राख खराट्यानं झाडली, आणि त्या माउलीशी एक शब्दही न बोलता परत आले. मिस्त्रींना कुणी काही बोललं नाही. उलट लोक म्हणायचे, "मिस्त्रींनी वळखलं हुतं बगा."

खरं काय घडलं हे मी आणि पाटील सर सांगत फिरलो. लोक ऐकून घेत आणि विचारत, "पर सही केली का न्हाय त्यानं?"

चिंचबन विरुद्ध दगडी खांब सामना झाला तेव्हा मिस्त्री मिलिंदच्या गोलमागं उभे राहिले. अख्खा वेळ दोघांत दहा फुटांचं अंतर होतं. शेवटी चिंचबनला पेनल्टी मिळाली. मारायला एक दहावीचं पोर. मिलिंद कुठल्या बाजूला आधी झुकतो हे जगात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं. पोरानं खुणेसाठी मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्री आपला चष्मा काढून पुसायला लागले. चांगला वेळ पुसत राहिले. पोरानं चेंडू बारवरून मारला. चिंचबनचे लोक त्या पोराला शिव्या देत होते. चष्म्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मलाही तेव्हा त्याचा अर्थ लावता आला नाही, आणि आताही लावलाय असं म्हणवत नाही.

नंतर मी पदवी घेतली, गारगोटीला एका शाळेत क्लार्क लागलो. कोल्हापूर सुटलं. मिलिंद परमनंट झाला, बहिणींची लग्नं केली, गुडघा गेल्यावर खेळणं थांबवलं.

दहा-बारा वर्षांनी, बहिःस्थ एम.ए.चा फॉर्म भरायला मी कोल्हापुरात आलो होतो. काम झालं आणि सवयीनं स्टेडियमकडं वळलो. नोंदणीचेच दिवस होते. आता बाहेरच्या राज्यांतली पोरंही तालमींकडून खेळायला यायला लागली होती. भाषा कळत नाही, पेठ कुठली माहीत नाही, हंगाम संपला की गेली. पायरीवर मिस्त्री बसले होते. केस पांढरे झालेले, पण पाठ सरळ. आता तालमीत त्यांना कुणी विचारत नव्हतं.

"नेसरीचा," ते म्हणाले. "हितं काय?"

मी सांगितलं. त्यांनी विद्यापीठाची पावती मागितली, बघितली, मागची बाजू बघितली, परत दिली. आम्ही चहा घेतला. बराच वेळ ते त्या परगावच्या पोरांकडं बघत होते. मग आपणहून म्हणाले,

"मिलिंद कसा हाय?"

"बरा आहे. सुपरवायझर झालाय."

"म्हाईत हाय." मग ते म्हणाले, "त्या दिवशी तू खरं बोलत हुतास. मला कळलं हुतं."

मी कप खाली ठेवला. "कधी?"

"तू आलास तवाच. खोटं सांगाय धाडलेलं माणूस घामाघूम होऊन चालत येत न्हाय. त्येला कोण तरी गाडी करून देतंय."

"मग फॉर्म का दिला नाही?"

"दिला असता तर चिंचबनची सही करून बसला असता. शब्दाचं लई खूळ त्येला. नोकरी गेली असती." त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "शब्द मोडाय त्येच्यानं झालं नसतं. मग मोडाय कोण तरी पायजे हुतं."

मी इतकी वर्षं, ती चिठ्ठी आणली असती तर, हे मनात घेऊन फिरत होतो. पण मग दुसरा विचार आला, आणि तो मला त्यांच्याकडूनच लागलेला असणार.

"आणि बाकीचे सात जण? त्यांचं वर्ष का घालवलंत?"

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. उत्तराला वेळ लागला. पुष्कळ वेळ लागला.

"च्या गार हुता," ते म्हणाले आणि उठले.

मी काय समजायचं? बूथमध्ये त्यांचा हात थरथरत होता. ठरवून गप्प बसलेल्या माणसाचा हात थरथरतो का? की दहा-बारा वर्षं उशाला घेऊन झोपलेली चूक त्यांनी हळूहळू तासून, घासून, बरोबर मापाची करून घेतली होती? आणि ती चष्मा पुसायची वेळ? मी एकदा असं धरतो, एकदा तसं. दोन्ही बाजूंनी बसतं आणि दोन्ही बाजूंनी थोडं हलतं.

"ह्ये मिलिंदला सांगू नकोस," ते चालता चालता म्हणाले.

"नाही सांगणार."

"सांगशील. मला म्हाईत हाय."

मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर मिलिंद खूश होईल की हसेल, हे मला ठरवता येत नाही. आणि न सांगण्यात मी कुणाची बाजू घेतोय, तेही नाही.

मिस्त्री मला सोडायला स्टँडपर्यंत आले. मी नको म्हणत होतो. फलाटावर गाडी लागली. त्यांनी पुढं जाऊन पाटी वाचली, मग कंडक्टरला विचारलं, "पावणं, ही खरंच गारगोटीला जाती का?" कंडक्टर म्हणाला, "मग काय गोव्याला?" मिस्त्री हसले नाहीत. मी खिडकीशी बसलो. गाडी मागं आली, वळली, फाटकाशी थांबली. मी वळून बघितलं. ते फलाटाच्या टोकापर्यंत आले होते आणि कपाळावर हात आडवा धरून बघत होते. गाडीकडं नाही, गाडीच्या दाराकडं. मी मध्येच उतरतोय की काय, म्हणून.